कॅरीच्या दिरांचा पत्ता

*ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. लेक ज्युनियर इयरला, म्हणजे अकरावीत आहे. वेटेड जीपीए (कठीण विषयांना जादा गुण धरून काढलेली सरासरी) ४.५, एसएटी या प्रवेशपरीक्षेत १६०० पैकी १५३०, बारावी संपेपर्यंत नऊ एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय, होतील. कॉम्प्युटर सायन्स करायचंय. मनात चॅपल हिल भरलंय, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना. त्याखालोखाल मिशिगन. ह्यांनी एक्सेल शीट केलंय: बारा कॉलेजं आणि प्रत्येकासमोर ॲडमिशनची टक्केवारी. चॅपल हिलची जी टक्केवारी नेटवर मिळाली ती १५३० बघून ह्यांनी दुप्पट केली आणि समोर ३५ लिहिले. हे व्हीजेटीआयचे. म्हणतात, कट-ऑफ कितीला बंद झाला तेवढं विचार, बाकी मी बघतो. माझे दीर रॅलेजवळ कॅरीला असतात. त्यांचा पत्ता दिला तर ती इन-स्टेटमध्ये धरतील का? आमच्या राज्याच्या रटगर्स विद्यापीठाचं नाव काढलं की ती नाक मुरडते. रविवारी मराठी शाळेत छोट्या गटाला शिकवते, पण ते काही ॲक्टिव्हिटीत मोजत नसतील. खरं सांगा, चान्स किती?*
*– एडिसनची एक आई*

नमस्कार. दिरांपासूनच सुरुवात करते, कारण तो विचार डोक्यातून जितका लवकर जाईल तितकं बरं.

नाही, चालणार नाही. नॉर्थ कॅरोलायनात कोण राज्याचं आणि कोण बाहेरचं हे कॉलेज ठरवत नाही. त्यासाठी अख्ख्या राज्याची मिळून एक यंत्रणा आहे, रेसिडेन्सी डिटरमिनेशन सर्व्हिस. ती आईवडिलांचं घर कुठे आहे ते बघते, काकांचं नाही. निदान बारा महिन्यांचं खरं वास्तव्य लागतं आणि ते टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीची नोंदणी असल्या कागदांवरून ताडून घेतलं जातं. तुम्ही दोघं कर भरणार न्यू जर्सीला आणि लेक राहणार कॅरीला, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. कोर्टाने नेमलेला पालक ही वेगळी गोष्ट, आणि आईवडील धडधाकट असताना कोर्ट काकांना पालक का नेमेल? नातेवाइकाच्या रेशनकार्डावर नाव चढवून घ्यायची आपली जुनी हातोटी इथे अंगाशी येते. खोटी माहिती दिल्याचं नंतर उघड झालं तर मिळालेली ॲडमिशनही जाऊ शकते. (दिरांच्या घराचा एक चांगला उपयोग आहे, तो शेवटी सांगते.)

ते इतकं काटेकोर का बघतात, यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. हे सरकारी विद्यापीठ आहे. राज्यातल्या लोकांच्या करावर चालतं, त्यामुळे तिथल्या आमदारांना आपल्या मतदारांची मुलं आत हवी असतात. १९८६ साली तिथल्या विद्यापीठ मंडळाने मर्यादा घातली की पहिल्या वर्षाच्या वर्गात बाहेरची मुलं १८ टक्क्यांपर्यंतच. एकदा ती ओलांडल्याबद्दल चॅपल हिलला दहा लाख डॉलरचा फटकाही बसलाय. आता हिशेब करा. वर्ग साधारण ४,७०० मुलांचा. त्याचे १८ टक्के म्हणजे साडेआठशेच्या आत-बाहेर जागा, आणि त्यातच परदेशी मुलंही आली. अर्ज मात्र निम्म्याहून जास्त बाहेरूनच येतात. म्हणजे निम्म्याहून लांब रांग, आणि खिडकी पाचवा हिस्सासुद्धा नाही.

तुमच्या मिस्टरांना हे एका शब्दात कळेल: डोमिसाईल. महाराष्ट्रात सरकारी मेडिकलच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यात आणि १५ टक्के ऑल इंडियात. ऑल इंडियाच्या रांगेत उभं राहून कुणी राज्याच्या कोट्याचा आकडा बघत बसत नाही. त्यांच्या एक्सेलमध्ये नेमकं तेच झालंय. नेटवर मिळालेली टक्केवारी दोन्ही रांगांची सरासरी आहे, आणि त्या सरासरीच्या रांगेत प्रत्यक्षात कुणीच उभं नाही. चॅपल हिलला राज्यातल्या दहा अर्जदारांपैकी साधारण चौघांना प्रवेश मिळतो. बाहेरच्या दहांत एखाद्याला.

हसत नाहीये हं मी तुम्हाला. माझ्या थोरल्याच्या वेळी मी हेच केलं होतं. तेही असंच दुसऱ्या राज्यातलं सरकारी विद्यापीठ. वेबसाइटवर तीसच्या आसपास टक्के दिसले, आणि त्या वर्षीच्या गणपतीत आरतीनंतर खिरापतीची वाटी हातात धरून मी चारचौघींना सांगत होते, ‘तीनात एक म्हणजे होईलच.’ पोरगा वेटलिस्टवर गेला आणि तिथेच राहिला. पुढे कधीतरी बाहेरच्यांचा आकडा वेगळा काढून बघितला तर तो तीनात एक नव्हताच, आठात एक होता. तो आकडा सप्टेंबरातही तिथेच होता. मी बघितला नव्हता.

तो कुठे बघायचा ते सांगते. बहुतेक विद्यापीठं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा कागद प्रसिद्ध करतात. विद्यापीठाच्या नावापुढे हे तीन शब्द टाकून शोधा. त्यात ‘सी’ हा विभाग प्रवेशाचा. त्याच्या पहिल्याच तक्त्यात अलीकडे अर्ज, प्रवेश आणि प्रत्यक्ष दाखल झालेली मुलं इन-स्टेट, आउट-ऑफ-स्टेट आणि परदेशी अशी वेगळी दिलेली असतात. मिस्टरांनी बारा ओळींत फक्त मधल्या, आउट-ऑफ-स्टेटच्या रकान्यातल्या प्रवेशांना अर्जांनी भागून येणारा आकडा भरावा. सातव्या तक्त्यात कशाला किती महत्त्व देतो ते विद्यापीठ स्वतः सांगतं, आणि तिथे ‘राज्याचा रहिवास’ अशी एक स्वतंत्र ओळ असते. नवव्या तक्त्यात एसएटीचे आकडे येतात, आणि तिथे डोळे उघडे ठेवा. ते आकडे स्कोअर पाठवलेल्या सगळ्या दाखल मुलांचे असतात, त्यात राज्यातली ८२ टक्के आलीच. बाहेरच्यांचा स्कोअर वेगळा छापत नाहीत, पण दहांत एक निवडताना तो वरच असणार हे उघड आहे. म्हणून बाहेरच्या मुलाने मधला आकडा बघूच नये, ७५ पर्सेंटाइलचा बघावा. तुमच्या लेकीचे १५३० त्या उंबरठ्याजवळ आहेत. स्कोअर जरूर पाठवा. पण त्याचा अर्थ एवढाच की या एका कारणाने अर्ज बाजूला पडणार नाही. पुन्हा परीक्षेला बसवून १५६० करण्यात उन्हाळा घालवू नका.

याहून चांगला आकडा तुमच्या घरातच आहे. कॉलेजच्या अर्जांसाठी बऱ्याच शाळा वापरतात त्या नॅव्हियन्स वेबसाइटचं अकाउंट असेल तर त्यात स्कॅटरग्राम असतो. आडव्या-उभ्या रेषांवर जीपीए आणि एसएटी, आणि तुमच्याच शाळेतून आधी अर्ज केलेल्या मुलांच्या खुणा: प्रवेश मिळाला तर हिरवी, नाही तर लाल. चॅपल हिलचा तक्ता उघडून लेकीचा ठिपका कुठे पडतो ते शोधा. विद्यापीठाच्या सरासरीत राज्यातली मुलं मिसळलेली असतात. तुमच्या शाळेच्या तक्त्यात मिसळू शकत नाहीत, कारण न्यू जर्सीतल्या शाळेचा प्रत्येक ठिपका चॅपल हिलसाठी बाहेरचाच. त्यातही फसगत आहे. खेळाडू म्हणून घेतलेला मुलगा १३५०लाही हिरवा दिसतो, आणि कुणी कुठल्या विषयाला अर्ज केला होता ते ठिपका सांगत नाही. एकटीदुकटी हिरवी खूण दिसली तर तिच्यावर घर बांधू नका. वरच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे सगळे हुशार जमतात, तिथे हिरवं किती आणि लाल किती ते मोजा. तिथे लालच जास्त असेल तर शीटमधल्या ३५ वर काट मारायला मिस्टरांना कुणी सांगावंही लागणार नाही.

आता कट-ऑफ. तो नाहीच. म्हणजे लपवून ठेवलेला नाही, अस्तित्वातच नाही. आपल्याकडे यादी वरून खाली भरत येते आणि शेवटचा जिथे बसला तो आकडा छापतात. इथे एक माणूस फाइल उघडून वाचतो. आधी शाळेचा प्रोफाइल बघतो: इथे किती एपी शिकवतात, वरच्या वर्गातली मुलं किती घेतात. मग मार्कांचा कागद. कॉमन ॲपमध्ये (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) शाळेच्या काउन्सेलरला एक खूण करावी लागते की या मुलीने निवडलेले विषय शाळेत मिळणाऱ्यांपैकी ‘सर्वांत कठीण’ होते, ‘खूप कठीण’ होते की नुसते ‘कठीण’. शाळेत वीस एपी असतील आणि लेकीने नऊ घेतले असतील तर ती खूण कुठे पडेल? मला माहीत नाही, तुमच्या काउन्सेलरला माहीत आहे. या महिन्यात भेटीची वेळ घेऊन हा एकच प्रश्न विचारा. सिनियर इयरचे विषय अजून बदलता येतील तोवर विचारा.

४.५ चं मला काही सांगता येणार नाही. कुणी ५ पैकी देतं, कुणी शाळेच्या ऑनर्स वर्गांनाही जादा देतं. बरीच विद्यापीठं आपल्या पद्धतीने तो पुन्हा मोजतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचंच बघा: दहावी-अकरावीचे ठरावीक विषय धरतात, आणि बाहेरच्या मुलीला जादा गुण फक्त एपी-आयबीला, शाळेच्या ऑनर्सला नाही. तिथे १५३० सुद्धा उपयोगाचे नाहीत, कारण एसएटी ते बघतच नाहीत.

विषयाचं मिस्टरांच्या शीटमध्ये रकानाच नाही, आणि कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना तो सगळ्यात महागात पडतो. चॅपल हिलला पहिल्या वर्षाचा प्रवेश सहसा विषयाला बांधलेला नसतो, हे तुमच्या बाजूचं. मिशिगनला तो विषय हवा असेल तर अर्जातच सांगावं लागतं. शीटमधल्या बारांत सिएटलची युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन असेल तर जरा थांबा. तिथे कॉम्प्युटर सायन्सला थेट प्रवेश मिळणारी बाहेरच्या राज्यांतली मुलं अर्ज करणाऱ्या शंभरात दोन-तीन. दुसऱ्या विषयातून आत शिरून मग इकडे वळू, ही वाट जवळजवळ बंद आहे. अख्ख्या विद्यापीठाची टक्केवारी बघून तिला कुणी ‘सेफ्टी’, म्हणजे हमखास मिळणारं कॉलेज, म्हटलं असेल तर ती ओळ खोडा. टेक्सासमध्ये ऑस्टिनला कायद्यानेच ९० टक्के जागा टेक्सासच्या मुलांना. फ्लोरिडातही सरकारी विद्यापीठांत मिळून बाहेरच्यांना १० टक्क्यांची मर्यादा आहे. मिशिगनला असली मर्यादा नाही आणि बाहेरची मुलं निम्म्याच्या आसपास दिसतात, त्यामुळे तिथली खिडकी रुंद आहे. पण तिच्यापुढे गर्दीही देशभरची.

एक बेरीज मात्र मिस्टरांना करू देऊ नका. दहा-दहा टक्क्यांची बारा कॉलेजं मिळून १२० टक्के होत नाहीत. सोडतीची बारा तिकिटं घेतल्यासारखं हे नाही, कारण सगळीकडे जाणारी फाइल एकच. ज्या कारणाने एका ठिकाणी बाजूला ठेवली, त्याच कारणाने दुसरीकडेही ठेवतील. बारांपैकी आठ अशी असतील तर यादीत बारा कॉलेजं नाहीत, एकच स्वप्न आठदा लिहिलंय.

पैशाबद्दल तुमच्या पत्रात एक अक्षर नाही. दोन पगारांच्या घरात तो विषय काढायला आपल्याला संकोच वाटतो, हे मी ओळखून आहे. शीटमध्ये तीन रकाने वाढवा: वर्षाचा पूर्ण खर्च, मदत मिळाली तर किती, आणि ‘मिळालं तर खरंच पाठवणार का’. चॅपल हिलला राज्यातल्या मुलाला शिक्षणाचं शुल्क नऊ हजार डॉलरच्या आसपास. तुमच्या लेकीला राहणं-खाणं धरून वर्षाला साठ हजारांच्या वर. मिशिगन ऐंशी हजारांच्या वर. चार वर्षांचा गुणाकार मी इथे करत नाही, रात्रीची झोप जाईल. बाहेरच्या राज्यातल्या मुलांचीही आर्थिक गरज पूर्ण भागवण्याचं वचन देणारी सरकारी विद्यापीठं अगदी मोजकी. चॅपल हिल त्यातलं एक, व्हर्जिनिया दुसरं. पण ‘गरज’ ठरवणारे ते आहेत. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, तो ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. दोघांचे पगार खरे टाका. पंधरा मिनिटांत कळेल. आयटीतल्या दोन पगारांना बहुधा शून्यच दिसेल, पण ते आत्ता दिसू दे, पुढच्या एप्रिलमध्ये लेक उड्या मारत असताना नको. बाहेरच्यांचं शुल्क जिथे आवाक्यात आहे अशी नावंही घाला. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०१३ पासून शुल्क वाढवलेलं नाही, बाहेरच्यांनाही ते तीस हजारांच्या आत आहे, आणि इंजिनिअरिंग-कॉम्प्युटरला नाव उत्तम. प्रवेश तिथेही सोपा नाही.

आणि व्हिसा? तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून विचारते. ग्रीनकार्ड झालंय का? लेक एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर असेल तर फॅफ्सा हा मदतीचा अर्ज भरता येत नाही आणि केंद्र सरकारच्या मदतीचा प्रश्नच मिटतो, वरचं वचनही तिला लागू होत नाही. काही ठिकाणी एच-४ च्या मुलांना परदेशी अर्जदारांत धरतात, म्हणजे रांगच तिसरी. एकविसावं लागलं की एच-४ संपतो, तो दिवस कॉलेजच्या मधल्या वर्षात येतो. असं असेल तर प्रत्येक विद्यापीठाला ई-मेल करून ‘आम्हाला कुठल्या गटात धराल’ हे लेखी विचारा, आणि इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोला. आधी हे, मग एक्सेल.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य. तुम्ही ते शेवटी, जवळजवळ माफी मागत लिहिलंय. रविवारी मराठी शाळेत छोट्यांना शिकवते. अहो, मोजतात! नऊ एपी आणि १५३० वाल्या, रोबोटिक्स आणि पियानोवाल्या मुली त्या वाचणाऱ्याच्या टेबलावर सकाळपासून चाळीस आलेल्या असतात. अमेरिकेत जन्मलेल्या सहा वर्षांच्या पोराच्या तोंडून ‘ळ’ काढून घेणारी एखादीच. तिला विचारा, ती तो कसा काढून घेते. आरशासमोर उभं करते? जीभ मागे वळवून दाखवते? ‘बाळ’चं ‘बाल’ झालं की वर्ग हसतो तेव्हा त्या पोराचं काय करते? तिने हे कधी कुणाला सांगितलं नसेल, कारण तुमच्या घरात ते कामात धरतच नाहीत. अर्जासोबतचा निबंध तिथे आहे. फक्त तिला ‘मराठी संस्कृती जपणे’ असलं काही लिहू देऊ नका. ‘ळ’ बद्दल लिहू दे. आणि तुम्ही तो वाचून सुधारू नका. मी थोरल्याचा सुधारला होता.

चान्स विचारलात, तर तुमच्या पत्रावरून मला जे दिसतं ते सांगते. चॅपल हिल: बाहेरच्या रांगेत ती सरासरीहून थोडी पुढे आहे, म्हणून दहांत एकऐवजी सात-आठांत एक. मिशिगन कॉम्प्युटरसाठी साधारण तेवढंच, दुसऱ्या विषयाला बरंच बरं. काउन्सेलरची खूण ‘सर्वांत कठीण’ वर असेल तर थोडं वर, नसेल तर खाली. ३५ कुठेच नाहीत. ३५ चाच आकडा हवा असेल तर तो वेगळ्या नावांपुढे येईल, आणि यादीत अशी चार-पाच नावं आधी यायला हवीत.

त्यात पहिलं रटगर्स. ती नाक मुरडते कारण मैत्रिणींची ताई तिथे आहे आणि एडिसनहून गाडीने वीस मिनिटांत पोचता येतं. लांबचं तेवढं गोजिरं, हे त्या वयात असायचंच. कॉम्प्युटर सायन्सचा विभाग मोठा आहे, शिक्षणाचं शुल्क राज्यातल्यांना वीस हजारांच्या आत, आणि तिथे ती आतल्या रांगेत उभी आहे! तुमच्या पत्रातल्या नावांत डोमिसाईल असलेली ही एकच जागा. तो अर्जही नीट मन लावून भरायला सांगा.

तारखा फ्रिजवर लावा. चॅपल हिलच्या अर्ली ॲक्शनची (लवकर अर्ज, लवकर निकाल) शेवटची तारीख इतकी वर्षं १५ ऑक्टोबर राहिली आहे, म्हणजे बहुतेकांच्या पंधरा दिवस आधी. मिशिगन आणि पर्ड्यू १ नोव्हेंबर. जॉर्जिया टेक यादीत असेल तर तिथली ऑक्टोबरमधली पहिली मुदत फक्त जॉर्जियाच्या मुलांसाठी असते, तुमची त्यानंतरची. कॉमन ॲप १ ऑगस्टला उघडतो. ऑगस्टमध्ये सगळ्या तारखा विद्यापीठाच्या साइटवरून पुन्हा ताडून घ्या, त्या बदलतात.

राहिले दीर. स्प्रिंग ब्रेकला लेकीला घेऊन कॅरीला जा. तिथून चॅपल हिल अर्ध्या तासावर, हॉटेलचा खर्च नाही, जाऊबाईंच्या हातचं जेवण. भेट दिली म्हणून गुण मिळत नाहीत, पण तिने ते गाव अजून स्क्रीनवरच पाहिलंय. ठरवून दिलेली टूर झाली की तुम्ही दोघं कॉफी प्यायला बसा आणि तिला एकटीला तासभर फिरू दे. एखाद्या मंगळवारी जा, मुलं वर्गातून बाहेर पडतात ते दिसेल. परत येताना गाडीत काही विचारू नका. ती आपणहून काय बोलते ते मला कळवा, आणि मिस्टरांनी नवीन रकाने भरले की ते शीटही पाठवा. मला बघायचंय.